नऊशेऐंशी पावलांचं जाळं

पाचशे चाळिसाव्या पावलावर मीटरभाऊ एकदम थांबले. मी मागून वहीत मान घालून चालत होते, त्यांच्या पाठीवर आपटता आपटता राहिले.

"इथे वायरी जोडायची पेटी आहे का?" मी विचारलं.

"नाही."

"मग वायर इथे वळते?"

"नाही. सरळ जाते."

"मग वहीत काय लिहू?"

"काही लिहू नका. इथे थांबतात," ते म्हणाले, जणू हॉस्पिटलचा तसा नियमच आहे.

डाव्या हाताला शिवणखोली होती. आत मशीनची घरघर थांबली आणि आवाज आला, "आलं का टपाल?"

"टपाल नाही आज. रेकॉर्डच्या ताईंबरोबर वायरचा नकाशा करतोय. कामावर आहे."

"सांगितलंत ते बरं झालं. मला वाटलं, रोजच्यासारखे उगाच आलात."

शिवणवाल्या वहिनी दारात आल्या. गळ्यात मापाची टेप, हातात पाण्याचा पेला. मीटरभाऊ उभ्याउभ्याच पाणी प्यायले. वहिनींनी त्यांच्या खिशावरचा एक पांढरा दोरा बोटांनी उचलला आणि म्हणाल्या, "हा माझ्याच खोलीतला दिसतोय. चोरून नेता का?" मग माझ्याकडे बघून, "ताई, यांना सावकाश चालायला सांगा. मोजायच्या नादात एखाद्या दिवशी भिंतीत शिरतील."

मीटरभाऊंनी पेला परत दिला, समोर बघितलं आणि म्हणाले, "पाचशे एक्केचाळीस." आम्ही पुढे निघालो.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. पंचवीस वर्षांचा संसार. मीटरभाऊ आमच्या हॉस्पिटलात शिपाई म्हणून लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी शिवणखोलीत चादरींच्या मागणीची चिठ्ठी द्यायला गेले, तेव्हा ही मुलगी फाटक्या चादरीची उशीची खोळ करत बसली होती. तिने चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "बारा चादरी? परवाच तर वीस नेल्यात. खाता की काय तुम्ही लोक?" मीटरभाऊ सांगतात की त्या दिवशी त्यांची पावलांची मोजणी आयुष्यात पहिल्यांदा चुकली.

ही मोजणी म्हणजे त्यांची जुनी खोड. आमचं हॉस्पिटल एका दमात बांधलेलं नाही. गरज पडेल तशी एकेक इमारत मागच्या इमारतीला चिकटवत गेले. त्यामुळे एका टोकाला माझी रेकॉर्डची खोली आणि लॅब, दुसऱ्या टोकाला बागेपलीकडचा म्हाताऱ्या माणसांचा वॉर्ड, आणि मधे एक्स-रे, स्वयंपाकघर, धोबीखाना, शिवणखोली, प्रार्थनेची खोली, असे बोळच बोळ. नवीन लागलेली नर्स पहिले आठ दिवस तरी हमखास स्वयंपाकघरात जाऊन पोचते. लॅबचे रिपोर्ट या बोळांतून मीटरभाऊ नेत. लॅबच्या दारापासून पलीकडच्या वॉर्डापर्यंत नऊशेऐंशी पावलं, एक कमी नाही, एक जास्त नाही. कुणीतरी त्यांना मीटर म्हणायला लागलं आणि पुढे खरं नाव फक्त पगारपत्रकावर राहिलं.

"मोजता कशाला पण?" मी एकदा विचारलं होतं.

"डोक्याला काम दिलं ना ताई, की पायांना कुरकुर करायला सवड मिळत नाही."

दोन वर्षांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. शेजारी एक इंजिनीअर बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे आता इंट्रानेट येणार.

मेट्रनबाई लगेच म्हणाल्या, "ते आहे की आमच्याकडे. माझ्या मोबाइलवर दिवसभर चालूच असतं."

"ते साऱ्या जगाचं. हे फक्त तुमच्या हॉस्पिटलचं," बाई म्हणाल्या, आणि समजावून सांगू लागल्या. हॉस्पिटलातले सगळे कॉम्प्युटर आपसात वायरींनी जोडायचे. पडद्यावर पानं उघडतील ती मोबाइलवर उघडतात तशीच, बोटाने दाबायचं तेही तसंच, पण पानं आपली आणि वाचणारेही आपलेच. लॅबने रिपोर्ट घातला की वॉर्डात दिसणार. बाहेरच्या माणसाला तो दिसणार नाही. जिथे आपलं जाळं बाहेरच्या जाळ्याला लागतं, तिथे एक यंत्र पहाऱ्याला बसवायचं, ते कुणाला आत सोडायचं ते बघणार.

गणित न कळलेली मुलं वर्गात माना डोलवतात, तशा आम्ही माना डोलवल्या. तेवढ्यात मागून मीटरभाऊंचा आवाज आला.

"बाई, एक विचारू का? मी लॅबचा कागद वॉर्डात नेतो. बाहेर पोस्टमनही तेच करतो. चालणं तेच, पिशवी तीच, दार वाजवणं तेच. पण पोस्टमन सगळ्या गावाचा. कुणाचंही पत्र कुणालाही नेऊन देतो. मी आतल्या माणसाचा कागद आतल्याच माणसाला देतो आणि फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. असंच ना हे?"

इंजिनीअर बाईंनी ते आपल्या वहीत टिपून घेतलं. मग म्हणाल्या, "मी हे इतक्या ठिकाणी सांगितलंय, पण असं मला कधी सांगता आलं नाही."

"म्हणजे गेली पंचवीस वर्षं इंट्रानेट मीच होतो."

सगळे हसले. स्वयंपाकीकाका तर टेबलावर हात मारून हसले. हसू ओसरल्यावर मीटरभाऊंनी तितक्याच सरळपणे विचारलं, "मग ते आल्यावर मी काय करायचं?"

आता कुणी हसलं नाही. मोठे डॉक्टर खोटं बोलणारे नाहीत. ते म्हणाले, "कुणाला घरी पाठवणार नाही. पण कागद न्यायचंच उरलं नाही तर चार शिपाई लागणार नाहीत. तुमच्यासाठी फाटकावर एक स्टूल आहे. बसून काम. या वयात बरंच की."

"बसून?" मीटरभाऊ म्हणाले. तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. बसलेले मीटरभाऊ आम्ही कुणीच पाहिले नव्हते. डबासुद्धा ते खिडकीशी उभे राहून खात.

दुसरा कुणी असता तर त्या दिवसापासून तोंड फिरवून बसला असता. मीटरभाऊ मात्र मदतीला पुढे आले. वायर कुठून न्यायची हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतंच. इमारतींचे जुने नकाशे इतके खोटे होते की एका नकाशात एक्स-रेच्या जागी विहीर दाखवली होती. इंजिनीअर बाईंनी टेप लावून मोजायचा प्रयत्न केला, पण दर दोन मिनिटांनी स्ट्रेचर यायचं आणि टेप गुंडाळावी लागायची. शेवटी त्या मीटरभाऊंना म्हणाल्या, "तुमची पावलं पक्की आहेत ना? मग मी तुमचं एक पाऊल मोजते आणि नऊशेऐंशीने गुणते."

आणि इथेच घोटाळा झाला. त्या दिवशी सकाळी वहिनी त्यांना म्हणाल्या होत्या, "बाहेरच्या बाई येणार, फोटो काढणार. त्या झिजलेल्या बुटांत जाऊ नका. नवे काढलेत ते घाला." नवे बूट चावत होते. त्या बुटांत मीटरभाऊंचं पाऊल आखडलं, पावलामागे फक्त बोटभर. बाईंनी दहा पावलांचं माप घेतलं, गुणाकार केला, आणि त्या हिशोबाने वायर मागवली. बोटभर म्हणजे किती, असं वाटतं. पण नऊशेऐंशी वेळा बोटभर म्हणजे साठ फूट होतात.

चार महिने छतात, भिंतीत, फरशीखालच्या नाल्यात काम चाललं. वायर एकेक पेटी घेत घेत पलीकडच्या वॉर्डाच्या तोंडाशी आली आणि संपली. दार समोर दिसतंय आणि वायर हातात लोंबतेय. अशी वायर पुन्हा मागवायची तर दीड महिना लागणार होता. मीटरभाऊंनी ती लोंबती वायर बघितली, मग आपल्या पायांकडे बघितलं. त्या दिवशी पायात जुनेच बूट होते.

"हे तुमच्या वहिनींचं काम," ते मला हळूच म्हणाले.

ही बातमी शिवणखोलीत पोचली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "पाय यांचे, बूट यांचे, मोजणी यांची, आणि चूक माझी. बाईमाणसाचा जन्मच असा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रार्थनेच्या खोलीत बसले होते. मी रोज बसते, दहा मिनिटं. फार काही मागत नाही. दिवस पार पडला तर बरं, एवढंच. डोळे उघडले तर मीटरभाऊ दारात उभे. त्यांना तिथे मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या वाटेत ही खोली येते, दोन्ही बाजूंना दारं आहेत, आतून गेलं तर वाट बरीच वाचते. पण बोळ खोलीच्या तीन बाजूंनी फिरून जातो आणि मीटरभाऊ पंचवीस वर्षं बोळानेच जात आलेले. कितीही घाईचा कागद असो. लोक डोळे मिटून बसलेले असतात, कुणाचं कोणी आत ऑपरेशनला असतं, त्यांच्या मधून बुटांचा आवाज करत जायचं नाही.

"ताई," ते दारातूनच म्हणाले, "वायर इथून नेली तर सत्तर फूट वाचतात. बाईंना अजून बोललो नाही. तुम्ही रोज इथे बसता. तुम्ही नको म्हणालात तर नको."

मी विचार केला. त्या वायरीतून काय जाणार? कुणाची साखर, कुणाचा ताप, कुणाच्या रक्ताचा रिपोर्ट. इथे बसणारे लोक देवाला दुसरं काय सांगतात? मी म्हटलं, "न्या. देवाला हे ऐकायची सवय आहे."

वायर बाकांच्या मागून, भिंतीच्या पायथ्याने गेली. पलीकडच्या वॉर्डाला पोचून वर दहा फूट उरली. ते दहा फुटांचं वेटोळं मीटरभाऊंनी बरेच दिवस खिशात ठेवलं होतं.

जाळं चालू झालं त्या दिवशी लॅबवाल्या दादांनी शर्यत लावली. पलीकडच्या वॉर्डात एक आजी असतात, त्यांची साखर रोज बघावी लागते. आम्ही त्यांना साखरआजी म्हणतो. दादांनी त्यांचा रिपोर्ट कागदावर काढून मीटरभाऊंच्या हातात दिला आणि त्याच क्षणी कॉम्प्युटरवर बटण दाबलं. मीटरभाऊ निघाले. आम्ही दोघीतिघी गंमत बघायला मागून. स्वयंपाकीकाका दारात येऊन म्हणाले, "पळा मीटर, अब्रूचा प्रश्न आहे." पाचशे चाळिसाव्या पावलावर ते थांबले नाहीत, नुसता हात दाखवला. आतून वहिनींचा आवाज आला, "आज काय आग लागली का कुठे?" प्रार्थनेची खोली आली. ते वळसा घालूनच गेले.

वॉर्डात पोचलो तर सिस्टरनी इंजेक्शन देऊन कापूससुद्धा टाकून दिला होता.

साखरआजींनी मीटरभाऊंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कागदाआधी औषध आलं. मग तू कशाला आलास?"

"तुम्हाला बघायला."

"बघितलंस? जा आता," आजी म्हणाल्या, आणि ते निघाले तसं, "उद्या येणार ना?"

मीटरभाऊ हरल्याचं वाईट वाटून घेतील अशी मला भीती होती. ते दम घेत म्हणाले, "सात मिनिटं, ताई. सात मिनिटं आजी तशाच पडून राहायच्या रोज, मी पोचेपर्यंत. हे मला कधी सुचलंच नव्हतं."

आठवडाभर सगळ्यांना नवलाई. आतल्या पानावर ड्यूटीचं वेळापत्रक यायला लागलं, जेवणघरात काय शिजणार ते यायला लागलं. मेट्रनबाईंनी परगावच्या आपल्या वहिनीला फोनवर पानाचा पत्ता सांगितला, बघा आमच्याकडे काय काय असतं ते. वहिनीने रात्री जेवण होईपर्यंत शोधलं, पान काही उघडेना. दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई तक्रार घेऊन आल्या तेव्हा मीटरभाऊ म्हणाले, "बाई, मी तुमच्या वहिनीकडे कधी कागद घेऊन गेलो होतो का?" मेट्रनबाईंना तेव्हा कुठे कळलं. त्या आता नव्या नर्सांना हेच सांगतात, आणि स्वतःला सुचल्यासारखं सांगतात.

मग इंजिनीअर बाई पुढच्या कामाला गेल्या, आणि लक्षात आलं की वायर कुठून कुठे जाते याचा कागद कुणाकडेच नाही. बाईंच्या आराखड्यात ती प्रार्थनेच्या खोलीबाहेरूनच जात होती. मोठे डॉक्टर मला म्हणाले, "मीटरला बरोबर घ्या, चालत जा, आणि सगळं लिहून काढा." म्हणून आम्ही निघालो होतो, मी वही घेऊन आणि ते पावलं मोजत. वही पुरी झाली की पहिल्या तारखेपासून ते स्टुलावर, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

शिवणखोली मागे टाकून धोबीखाना आला. "सहाशे दहा. इथे पेटी, छतात, ओल आलेल्या डागाच्या उजवीकडे." मी लिहिलं. प्रार्थनेची खोली आली. ते वळसा घालून निघाले, मोजत मोजत. मीही मागून वळसा घातला आणि त्यांची पावलं जशीच्या तशी लिहिली. वायर आतून गेली आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, माझ्याच परवानगीने गेली होती. तरी त्यांच्या मागे चालताना मला त्यात वावगं काही दिसलं नाही. बागेतल्या झाकलेल्या नाल्यावरून पलीकडे गेलो.

"नऊशेऐंशी," ते म्हणाले आणि वॉर्डाच्या पायरीला बूट टेकवला.

मी वही मिटली. राहवेना म्हणून विचारलं, "मीटरभाऊ, एखादं वळण विसरला असतात तर चाललं नसतं का? आता हे सगळं कागदावर गेलं. तुमची गरज उरली नाही कुणाला."

"आणि वायर तुटली तर? आत आजी आहेत." मग जरा वेळाने, बागेकडे बघत, "स्टुलाचं काही नाही ताई. फाटकावर हवा छान असते. फक्त तिथून शिवणखोली दिसत नाही."

पहिल्या तारखेला ते स्टुलावर बसले. आठ दिवस बसले. मी येता-जाता बघायची. दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेत फोटोला बसवतात तसे. येणाऱ्या माणसांना वाट सांगायचं काम. पण त्यांना वाट सांगून भागायचं नाही, उठून सोडायलाच निघायचे. पहारेकरी म्हणायचा, "मीटर, स्टुलाला खिळा आहे का?"

वहिनींचं घरचं गाऱ्हाणं वेगळंच. मला म्हणाल्या, "ताई, हा माणूस आता संध्याकाळी घरात चालतो. दारापासून मोरीपर्यंत. काल सांगत होते, घर अकरा पावलांचं आहे. मी म्हटलं, अहो, आज कळलं का?" त्या हसल्या, पण मशीनखालची चादर तिरपी जात होती हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना ती शिलाई उसवावी लागली.

नवव्या दिवशी सकाळी पलीकडच्या वॉर्डातला पडदा रिकामा झाला. रिपोर्ट दिसेनात. बाहेरून टेक्निशियन बोलावला. चांगला हुशार माणूस, माझी वही घेऊन निघाला, पावलं मोजत. पण तो मीटरभाऊंपेक्षा वीतभर उंच. शिवणखोलीपर्यंत पोचायच्या आतच त्याचा हिशोब पुढे गेला. प्रार्थनेच्या खोलीपाशी तर वहीतल्या वायरीने तीन बाजूंनी वळसा घातला होता, आणि खरी वायर आतून गेली होती. "पेटी छतात" असं वाचून त्याने छताची फळी उघडली ती कोठीघराची. तिथून एक बिस्किटांचा डबा त्याच्या डोक्यावर पडला. कोठीवाले मामा म्हणाले, मला काही माहीत नाही. डब्यावर त्यांचंच नाव होतं.

दोन तास गेले. लॅबमधे रिपोर्ट साचले. शेवटी दादांनी फाटकावर फोन केला. पहारेकऱ्याने फोन कानाला लावेपर्यंत स्टूल रिकामं.

मीटरभाऊंनी लॅबमधून रिपोर्टांची चळत उचलली आणि निघाले. मी दारात होते. माझ्यापुढून गेले तेव्हा ते ओठांत मोजत होते आणि चेहरा असा, की घरी पाहुणे येणार म्हणून सकाळपासून नटलेलं पोर असावं. पाचशे चाळिसावर थांबले का, ते मी पाहिलं नाही. पण त्या दिवशी मी नंतर चादरींचं विचारायला गेले तेव्हा वहिनी गुणगुणत होत्या.

वॉर्डात कागद दिले. साखरआजी म्हणाल्या, "आठ दिवस कुठे मेला होतास?" परत येताना वाटेत नुसती नजर टाकत आले आणि धोबीखान्यापाशी थांबले. तिथे दोन वायरी छतातून खाली येऊन भिंतीवरच्या जोडाच्या खटक्याला लागतात. चादरींची गाडी लागून खटका अर्धवट निघाला होता. त्यांनी तो दाबला. वॉर्डात पडदा उजळला. टेक्निशियन अजून कोठीघरातच मामांशी वाद घालत होता.

मोठ्या डॉक्टरांनी संध्याकाळी मला बोलावलं, वही पुढे टाकली. "ताई, हा नकाशा कुणाचा? वायरीचा की मीटरचा?"

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "मीटरभाऊंचा."

ते बराच वेळ पानं उलटत राहिले. "इथे थांबतात, असं एका ठिकाणी लिहिलंय. आणि खोडलंय."

मी मान खाली घातली.

"ठीक आहे," ते म्हणाले, "नकाशा मीटरचा असेल, तर मीटरला नकाशासकट ठेवू. रोज एकदा सगळी वायर चालून बघायची. आणि ज्या खोल्यांत अजून कॉम्प्युटर नाही, तिथले कागद त्यांनीच न्यायचे."

मी तशीच प्रार्थनेच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं जास्त बसले. त्या दिवशी मागायचं काही नव्हतं.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मीटरभाऊ पुन्हा चालतात. वायर बघतात, खटके दाबून बघतात, आणि शिवणखोलीत, स्वयंपाकघरात, कोठीत कागद नेऊन देतात. ते दहा फुटांचं वेटोळं वहिनींनी एका कापडी पिशवीत शिवून दिलं आहे, धूळ बसू नये म्हणून.

गेल्या सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे नवीन काम दिलं. उरलेल्या खोल्याही आता जाळ्यात घ्यायच्या. त्यांची यादी मी करायची, आणि ज्या क्रमाने मी लिहीन त्या क्रमाने काम होणार. मी कागद पुढे ओढला. स्वयंपाकघर लिहिलं, कोठी लिहिली, शिवणखोली लिहिणार तोच दारात मीटरभाऊ उभे. हातात कागद नव्हता. रिकाम्या हाताने ते माझ्याकडे कधी येत नाहीत.

"यादी करताय म्हणे," ते म्हणाले.

"हो. बसा."

ते बसले नाहीत. माझ्या कागदाकडे उलट्या बाजूने बघत राहिले. "शिवणखोलीत कॉम्प्युटर आला की चादरींच्या चिठ्ठ्या पडद्यावरच जाणार, नाही का?"

"जातीलच. तुमची तेवढी खेप वाचेल."

"हां."

मला आता कळायला लागलं होतं. मी म्हटलं, "मीटरभाऊ, अहो, रोज घरी भेटताच की दोघं."

"घरी भेटतो ते वेगळं," ते म्हणाले. "घरी ती मला काम सांगते, मी ऐकत नाही. इथे मी तिच्याकडे कामाने जातो. दार वाजवतो. ती विचारते, आलं का टपाल. सव्वीस वर्षं विचारतेय."

"वहिनींना विचारलंत का? त्यांना कॉम्प्युटर हवाही असेल. मान मोडून चिठ्ठ्या वाचतात."

ते जरा घुटमळले. दाराकडे एकदा बघून घेतलं. "तिनेच पाठवलंय मला. पण तिने पाठवलं असं सांगू नका म्हणाली."

मी पेन खाली ठेवलं. "यादीतून खोली गाळता येणार नाही मला. डॉक्टरांनी विश्वासाने काम दिलंय."

"गाळा असं कोण म्हणतंय?" मीटरभाऊ पुढे आले आणि कागदाच्या तळाशी, अगदी कडेला, जिथे जेमतेम एक ओळ बसेल, तिथे त्यांनी बोट ठेवलं. "आपल्याकडची कामं तुम्हाला माहीत आहेत ना ताई? शेवटच्या नंबरला पोचेपर्यंत आम्ही दोघं रिटायर होतो. खोटं काही लिहू नका. फक्त शिवणखोली इथे लिहा."